सोनीच्या पोटी पाडी हवी होती: डिचोलीतल्या एका गोठ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात आहे. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही, गायींची नावे बदलली आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे काही काळ चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा या घरचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले. एक पडत्या भावात गेला, दुसऱ्याच्या हौद्यात आज पेंढा साठवतात. त्या दिवसांत आसपासच्या कितीतरी घरांनी केले तेच इथेही झाले. कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, कडेला गोठा उभा राहिला आणि घाटावरून संकरित गायी खाली उतरल्या.

घरधन्यांना मी भाऊ म्हणतो. पण गोठा चालवतात त्या वहिनी. पहाटेची धार त्यांची, खुराक त्यांचा, आणि कोणत्या गायीने काल पेंड शिवली नाही हे लक्षात ठेवणेही त्यांचेच. त्यांच्या सासूबाईंना सगळा वाडा आई म्हणतो. आईंची एक स्वतंत्र गाय आहे. धवळी तिचे नाव, नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी. गोव्याची ही गावठी जात ‘श्वेत कपिला’ या नावाने २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत नोंदली गेली. मी ही बातमी सांगितली तेव्हा आई म्हणाल्या, “गाय आधीपासून होतीच की. कागद आत्ता आला.”

मी या भागात पशुवैद्य म्हणून फिरतो. घरच्या गोठ्यात घरचीच कालवड तयार करायची, तर तिच्यासाठी वळू कोणता निवडायचा, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. त्यात माझेही दोन अंदाज चुकले. तेही लिहिणार आहे.

अडचण

दोन-अडीच वर्षांत या घराने सहा गायी विकत आणल्या होत्या. त्यातल्या तीन टिकल्या. एक पहिल्याच पावसाळ्यात गोचिडतापाने गेली. एक दर एकवीस दिवसांनी उलटत राहिली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत राहिली, आणि शेवटी विकावी लागली. तिसरीचे खूर चिखलात सडले. घाटावरची गाय इथे आली की तिचे पहिले वर्ष गोचीड, ओल आणि दमट हवेशी झगडण्यातच जाते. गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा फार चढला नाही तरी रात्र थंड होत नाही. गाईच्या अंगातली उष्णता बाहेर पडायची ती घामाने आणि श्वासाने. हवाच ओलीचिंब असेल तर दोन्ही वाटा अर्ध्या बंद.

“डॉक्टर, गायी विकत आणून दमलो. आता घरची पाडी हवी,” वहिनी म्हणाल्या. पाडी कोणाची, यावर त्यांच्या मनात शंका नव्हती. सोनीची.

सोनी काळीपांढरी, होल्स्टिन (एचएफ) संकरित, तिसऱ्या वेताची. भरात असताना दिवसाला १४ लिटर. पाय घट्ट, खुरे उत्तम, आणि धारेला उभी राहिली की शेपूटही न हलवणारी. उणिवाही होत्या. कास थोडी लोंबलेली. मे महिन्यात तोंड उघडून धापा टाकायची आणि दूध १४ वरून ९ वर यायचे. उन्हाळ्यात माज मुका, म्हणजे वरून दिसतच नाही, तर हिवाळ्यात दोन-तीन वेळा भरवल्यावर गाभ राहणार. दुधाला फॅट ३.४ च्या आसपास, म्हणजे संकलन केंद्राच्या पावतीवर लिटर भरपूर आणि दर कमी.

२०२० च्या ऑगस्टमध्ये ती व्याली. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा भरवायची, तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत वळू ठरायला हवा होता.

पहिली अडचण अशी की सोनीत विदेशी रक्त किती हेच कोणाला माहीत नव्हते. कानात बारा आकडी बिल्ला होता, पण नोंद तो मारल्यानंतरची. त्याच्या मागचे सगळे विकणाऱ्याच्या तोंडी. तो म्हणाला होता “नव्वद टक्के”, कारण नव्वद म्हटले की भाव चढतो. खांद्यावर वशिंडाचा मागमूस नाही, गळ्याची पोळी अगदी बारीक. हे पाहून मी पाऊण धरले. पुढचा सगळा हिशेब त्या अंदाजावर उभा होता, हे इथेच सांगून ठेवतो.

समोर असलेले पर्याय

रेतन करणारा मुलगा हुशार आणि तत्पर. त्याने पहिल्याच दिवशी शुद्ध एचएफची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, सुचवली. वळूच्या आईने एका वेतात दहा हजार लिटरच्या वर दूध दिले होते आणि तो आकडा कागदावर ठळक छापलेला होता. भाऊंचे डोळे तिथेच अडकले.

या आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोठ्यागोठ्यांत मला हाच प्रश्न भेटतो. वळूच्या आईचे दूध म्हणजे एका गायीचे, एका गोठ्यातले, एका खुराकावरचे दूध. गायीगायींच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग वंशाचा असतो, उरलेला चारा, हवा, निगा आणि नशिबाचा. ती दहा हजार लिटरवाली आई बारमाही मुरघास खात होती, पंख्याखाली उभी होती. आमची सोनी भाताचा पेंढा, कुळागरातले संकरित नेपियर गवत आणि विकतची पेंड खाते. म्हणून कागदावर आईपेक्षा मुली पाहायच्या. त्या वळूच्या किती मुलींचे दूध मोजले, त्या किती गोठ्यांत होत्या, आणि त्यावरून काढलेले प्रजननमूल्य, म्हणजे वळूच्या वंशगुणांचा आकडा, किती विश्वासाचे आहे. त्या प्रजननमूल्याचाही निम्माच वाटा पाडीला मिळतो, निम्मा आईकडून येतो. प्रजननमूल्य अधिक ६०० किलो असेल तर मुलीकडून सरासरी अधिक ३०० ची अपेक्षा ठेवायची. सरासरी म्हणजे हमी नव्हे.

आता रक्ताचा हिशेब. सोनी पाऊण धरली आणि वळू शुद्ध एचएफ घेतला तर पाडी साडेसत्त्याऐंशी टक्के. विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवावे असा सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षे दिला जातो, आणि किनाऱ्याच्या हवेत त्याला जास्तच अर्थ आहे. मे महिन्यात धापा टाकणाऱ्या गायीच्या पोटी तिच्याहून जास्त धापा टाकणारी पाडी कशाला? हा पर्याय मी सरळ खोडला. भाऊ थोडे नाराज झाले.

दुसरा पर्याय संकरित एचएफ वळूचा, अर्धे रक्त असलेला. म्हणजे पाडी ६२.५ वर येते, त्या सल्ल्यात अगदी चपखल बसते. अशा वळूंची पैदास आणि मुलींवरून पारख आपल्या देशात होते. केरळने तर या वाटेवर फार आधी पाऊल टाकले. १९६३ मध्ये मुन्नारजवळ मट्टुपेट्टीला स्विस मदतीने प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून पुढे सुनंदिनी ही संकरित जात आकाराला आली. तीही आपल्यासारख्याच पाऊसपाण्याची जमीन. मला हा पर्याय मनापासून पटला होता. वाजवीपेक्षा जास्तच, असे आता वाटते.

तिसरा जर्सी. अंगाने लहान, साधारण ४०० ते ४५० किलोची गाय. दूध कमी पण फॅट ५ च्या घरात. उष्णता एचएफपेक्षा बरी सोसते, वासरू लहान म्हणून विणीला सोपी. मी मात्र तेव्हा म्हणालो, “जर्सीसुद्धा विदेशीच. टक्का साडेसत्त्याऐंशीच होणार.” आणि पुढे गेलो. वहिनींनाही लिटर कमी होण्याची धास्ती होती, त्यामुळे कोणी हटकले नाही.

चौथा देशी जातींचा, गीर किंवा साहिवाल. पाडी काटक होणार, गोचिडाला दाद देणार नाही, फॅट चांगले. पण विदेशी रक्त ३७.५ वर येते, वयात उशिरा येते, आणि वासरू समोर नसेल तर पान्हा चोरण्याची खोड बरेचदा सोबत येते. पहाटे चार गायींची धार काढून पोरांचे डबे भरणाऱ्या बाईला पान्हा चोरणारी गाय देणे म्हणजे तिच्या तासांवर कर बसवणे.

पाचवा पर्याय आईंचा. गावात फिरणारा पांढरा पोळ. फुकट, आणि माज ओळखायची कटकट त्याच्यावर सोपवायची. याला मी दोन कारणांनी नाही म्हटले. चौदा लिटरच्या गायीच्या पोटी असा संकर करून पाडीचे दूध एकदम उतरणार, हे एक. आणि गावभर फिरणारा पोळ एका गोठ्यातला रोग दुसऱ्यात नेतो. ब्रुसेला तर माणसांनाही होतो. आई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग माझ्या धवळीचे काय?” तो प्रश्न रास्त होता. धवळीला गावठीच रक्त हवे, तिच्यात एचएफ मिसळणे हा उलट गुन्हा. ज्या घरचा पांढरा वळू बांधलेला असतो आणि तपासलेला आहे, असे एक घर मी शोधून दिले.

आणि या सगळ्यांच्या वरचा प्रश्न: लिंगनिश्चित वीर्य वापरायचे का? मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत वंशद्रव्य सुमारे ४ टक्के जास्त असते, त्या फरकावर यंत्र ते वेगळे काढते. दहांतल्या नऊ वेळा पाडी होते. पण साध्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात तिथे यात वीस ते चाळीस लाखच, तेही यंत्रातून दमून आलेले. गाभ राहण्याचे प्रमाण कमी, किंमत कित्येक पट. सहज फळणाऱ्या कालवडींवर ते शोभते. सोनी तशी नव्हती.

खरी गाठ अशी पडली की लिंगनिश्चित कांडी तेव्हा आमच्यापर्यंत पोचत होती ती शुद्ध एचएफ आणि जर्सीची. मला हव्या त्या संकरित वळूची फक्त साधी कांडी होती. म्हणजे हवा तो वळू घ्यावा तर पाडी होईल की पाडा याचा कौल नाणेफेकीवर. पाडी नक्की करावी तर वळू नको असलेला.

पहिला निर्णय आणि त्याचे फळ

आम्ही वळूला पहिला मान दिला. संकरित एचएफ, साधी कांडी. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा भरवली, उलटली. डिसेंबरमध्ये पुन्हा. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम वहिनींनी काटेकोर पाळला आणि दुसऱ्या खेपेला गाभ राहिला.

त्याच वळूची एक कांडी नंतर अशीच वापरली गेली. गौरी नावाची दुसरी गाय जानेवारीत माजावर आली आणि रेतनवाल्याकडे त्या दिवशी तीच कांडी होती. गौरी ८ लिटरची, मागचे खूर वाकडे. तिची पाडी ठेवायचा कोणाचाच विचार नव्हता, म्हणून वळूचा विचारही कोणी केला नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये सोनीला पाडा झाला. ऑक्टोबरात गौरीला पाडी.

वहिनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. एका वितीवर नाणे उडवायचे तर ते निम्म्या वेळा उलटे पडणारच, हे मी आधी सांगितले होते. पण सांगणे वेगळे आणि वर्ष जाणे वेगळे. चार गायींच्या गोठ्यात एक गाय चार-पाच वेत टिकते असे धरले तर वर्षाला एक तरी कालवड हवी, आणि वासरे दगावतात, काही कालवडी फळत नाहीत, म्हणून एकाहून थोडी जास्तच. असा सगळा भार आम्ही एकाच गायीच्या एकाच वितीवर टाकला होता. दोन बऱ्या गायींना त्या वर्षी विचारपूर्वक भरवले असते तर निदान एक पाडी मिळण्याची शक्यता पन्नासवरून पंचाहत्तर टक्क्यांवर गेली असती. दुसरी बरी गाय गोठ्यात होती. आमचे डोळे फक्त सोनीवर होते.

गौरीची पाडी, तिचे नाव पारू, ठेवली गेली. दारात एकच पाडी असली की तिला कोण विकणार? अशा रीतीने ज्या गायीची पैदास नको होती तिचीच पैदास गोठ्यात राहिली.

दुसरा निर्णय

डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रश्न. यावेळी वहिनींनी बोलायला सुरुवात केली.

“डॉक्टर, शेजारच्या वाड्यावर जर्सीच्या दोन गायी आहेत. मेमध्ये त्यांच्या तोंडाला फेस नसतो. आमची सोनी मात्र नळाखाली उभी करावी लागते.”

मी रक्ताच्या टक्क्यांची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, “टक्के मी पाहिलेले नाहीत. गाय पाहिली आहे.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चूक माझ्या हिशेबात होती. ‘विदेशी रक्त’ या एका खात्यात मी जर्सी आणि एचएफ एकत्र टाकले होते. सगळे साडेसत्त्याऐंशी टक्के एचएफ असलेली पाडी आणि निम्मी जर्सी, साडेसदतीस टक्के एचएफ, बाकी देशी असलेली पाडी, यांची बेरीज एकच दिसते. पण दुसरी अंगाने बरीच लहान. लहान अंगाला स्वतःच्या पोषणासाठी चारा कमी लागतो आणि उष्णता बाहेर टाकायला वजनाच्या मानाने कातडी जास्त मिळते. शिवाय तीन जातींचे मिश्रण म्हणून संकराचा जोमही टिकतो. पेंढा विकत घेणाऱ्या घराला यातला प्रत्येक मुद्दा पैशांत मोजता येतो.

मग ठरले. लिंगनिश्चित जर्सी. फक्त थंडीच्या दिवसांत, फक्त स्पष्ट माजावर, आणि दोनच कांड्या. दुसऱ्यांदाही उलटली तर साधी जर्सी. ही दोनाची मर्यादा आधी ठरवली हे बरे झाले. महागडी कांडी वाया गेली की माणूस जुगाऱ्यासारखा आणखी एक लावत जातो.

पहिली गेली. दुसऱ्या वेळी स्वच्छ काचेसारखा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसला, आणि लिंगनिश्चित वीर्याला नेहमीपेक्षा थोडे उशिरा भरवलेले मानवते म्हणून आम्ही आणखी काही तास थांबलो. जानेवारी २०२२ मध्ये गाभ राहिला. दिवाळीच्या तोंडावर सोनी व्याली. पाडी! तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, २२ किलोची. तिचे नाव जाई. गोरवांच्या पाडव्याला आईंनी पहिला हार धवळीला घातला आणि दुसरा या चार दिवसांच्या पाडीला. सोनीला तिसरा मिळाला.

टळलेली चूक

२०२३ च्या पावसाळ्यात पारू माजावर आली. रेतनवाला आला, कांडी काढली, आणि वहिनींनी सवयीने वळूचा क्रमांक वाचून वहीत लिहायला घेतला. दोन पाने मागे तोच क्रमांक गौरीच्या नावापुढे होता. पारूचा बाप.

मुलाचा दोष नव्हता. “वहिनींना तो वळू आवडतो” म्हणून त्याने मुद्दाम आणला होता. बाप-लेकीच्या संबंधातून होणाऱ्या वासरात सगोत्रतेचा गुणांक २५ टक्के येतो. दडलेले दोष वर येतात, वासरे अशक्त होतात, फळण्याची ताकद घटते.

यावर भाऊंनी विचारले, “मोठ्या जातिवंत गायी तर अशाच करतात ना?” करायचे. इंग्लंडमधल्या शॉर्टहॉर्न जातीचा कॉमेट हा वळू १८१० मध्ये एक हजार गिनींना विकला गेला. त्याचा बाप फेव्हरिट. त्याची आई त्याच फेव्हरिटची मुलगी, आणि त्या आईची आई होती फेव्हरिटची स्वतःची आई. भाऊंना मी हे नाते वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवले, तरी त्यांना तीनदा विचारावे लागले. ठेवण पक्की करायला हा मार्ग त्या लोकांनी वापरला आणि काही काळ तो फळलाही. पण त्याच जातीतल्या डचेस घराण्याचे पुढे काय झाले? १८७३ मध्ये अमेरिकेत त्या घराण्यातली एक गाय ४०,६०० डॉलरला गेली, आणि अशाच जवळच्या संबंधांतून गायी गाभ धरीनाशा होऊन ते घराणे संपले. त्यांच्याकडे शेकडो गायी होत्या, नको त्या काढून टाकता येत होत्या. इथे चारच दावणी.

पारूला त्या दिवशी दुसऱ्या वळूची कांडी दिली.

काय झाले

जाईची वाढ हा वेगळाच धडा. चीक पहिल्या दोन तासांत पोटात गेला, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. एवढे नीट झाले. पण वर्षभरात पेंडीचा भाव चढला तसा पाडीचा वाटा आधी घटला. घरोघरी असेच होते. दूध न देणाऱ्या तोंडाचा घास पहिला तुटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती माजावर आली. वहिनींना घाई. मी शिंप्याची टेप काढली. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ५५, लांबी ४३. हिशेब १९७ किलोवर थांबला. पूर्ण वाढीच्या वजनाच्या साठ टक्क्यांवर गेल्याशिवाय भरवू नये, म्हणजे हिला २४० तरी हवे. चार-पाच महिने थांबलो, खुराक वाढवला. जुलैत घेर ५९, लांबी ४६, वजन २४२. पहिल्याच कांडीला फळली. शुद्ध जर्सी नव्हे, संकरित जर्सी वळू निवडला, कारण आता रक्त आणखी चढवायचे नव्हते.

एप्रिल २०२५ मध्ये जाई व्याली. पहिलारू गाय ऐन उन्हाळ्यात व्याली म्हणून मला काळजी होती. मेमध्ये मी मुद्दाम दुपारी दोनला गेलो. सोनी मान पुढे काढून धापा टाकत होती. जाई बसून रवंथ करत होती. दूध साडेनऊ लिटर, फॅट ४.७.

लिटर मोजले तर सोनीच्या पहिल्या वेताहून जाई दीड लिटर मागे. पावतीवरची रक्कम पाहिली तर जवळजवळ बरोबरीत, आणि पेंड तिला रोज किलोभर कमी लागते. भाऊ अजून लिटरच मोजतात. वहिनी पावती पाहतात.

पारूचे काय? ७ लिटर, आणि आईचे वाकडे खूर तिच्याकडे आले आहेत. वर्षातून दोनदा तासावे लागतात. वळू चांगलाच होता, पण निम्मी गौरी कुठे जाणार?

आज मागे पाहताना

रक्ताच्या टक्क्यावर मी इतका विसंबलो नसतो आणि शेजारच्या वाड्यावर एक दुपार आधी घालवली असती, तर पहिल्याच वर्षी जर्सीचा विचार गंभीरपणे झाला असता. तो वळू मुलींसकट तिथे उभा नव्हता हे खरे, पण त्या जातीची गाय आपल्या हवेत, आपल्या चाऱ्यावर कशी दिसते हे तिथे दिसत होते.

सोनीलाच लिंगनिश्चित कांडी वापरणे मात्र मला अजूनही थोडे धाडसाचे वाटते. आम्हाला दुसऱ्या खेपेला फळ मिळाले म्हणून ते शहाणपणाचे ठरत नाही. चौथ्यांदा उलटणाऱ्या गायीत तोच निर्णय घेऊन लोकांनी उन्हाळा गाठलेला मी पाहिला आहे. जाईसारख्या कालवडीला पहिल्यांदा भरवताना ती कांडी जास्त योग्य होती, आणि तिथे आम्ही ती वापरली नाही. जाईला झाला तो पाडा.

आणि सड. जाईचे सड आखूड आहेत, मुठीत येत नाहीत. वहिनींना चिमटीने धार काढावी लागते, बोटे दुखतात. वळूच्या कागदावर कासेची ठेवण, सडांची लांबी, सडांमधले अंतर अशा ओळी होत्या. मी दूध वाचले, फॅट वाचले, विणीची सुलभता वाचली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. यंत्राने धार काढणाऱ्या गोठ्यासाठी ती ओळ गौण असेल, हाताने धार काढणाऱ्या घरात नाही. दिवसातून दोनदा, वर्षातले तीनशे दिवस ते सड कोणाच्या हातात असणार, हे मला ठाऊक होते.

यंदा जाईला पुन्हा भरवायची वेळ आली तेव्हा वहिनींनी आधीच निरोप धाडला, तीन वळूंचे कागद घेऊन या. गोठ्यातल्या वहीत वळूच्या क्रमांकाशेजारी त्यांनी पेन्सिलने एक नवा रकाना आखला होता. वर लिहिले होते, ‘सड’. पहिले दोन कागद त्यांनी तिथेच बाजूला ठेवले.